वाड्यातली बाई बिननावाची का राहिली?

जुन्या कल्याणात भयकथेला लागणारे सगळे साहित्य हाताशी आहे. खाडीकाठचा दुर्गाडी किल्ला, मोगल सरदार मातबरखानाची कबर, पेशवाईतल्या सरसुभेदाराची आठवण नावात बाळगून असलेला सुभेदार वाडा, एकमेकांना पाठ लावून उभी असलेली दुमजली घरे आणि आळीआळीत एखाद्या बंद खोलीविषयी दबक्या आवाजात सांगितली जाणारी गोष्ट. शेजारच्या ठाण्यातही किल्ला आहे. तो पोर्तुगिजांनी बांधायला घेतला, मराठ्यांनी १७३७ मध्ये जिंकला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. सरंजाम गेलेली घराणी, वारसाचे तंटे, दत्तकाचे वाद, अकाली मेलेल्या सुना, यांपैकी कशाचीच इथे वाण नव्हती. तरीही झपाटलेला वाडा, त्यात अडकलेली तरुण स्त्री आणि तिच्या प्रेमाची व भीतीची एकत्र विणलेली ऐतिहासिक कथा, म्हणजे इंग्रजीत ज्याला गॉथिक रोमान्स म्हणतात तो प्रकार, मराठी कादंबरीच्या मुख्य प्रवाहात कधी रुजला नाही. याचे नेहमीचे उत्तर असे की तो युरोपातला प्रकार आहे, आपल्याकडे तसे किल्लेवजा महाल नाहीत आणि तशी वृत्तीही नाही. हे उत्तर मला पटत नाही. ती कथा आपल्याकडे होतीच, पण तिचे तीन तुकडे झाले आणि ते तीन वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन पडले. कल्याण-ठाण्याच्या इतिहासात हे तिन्ही तुकडे जवळजवळ सापडतात, म्हणून ही गोष्ट याच गावांवरून तपासून पाहण्यासारखी आहे.

आधी त्या प्रकाराचे मूळ पाहू. होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’ ही कादंबरी १७६४ च्या डिसेंबरात लंडनला निघाली, आणि गॉथिक कथेची सुरुवात तिथून धरतात. तिच्यात भुते आहेत, भुयार आहे, पळणारी राजकन्या आहे, पण कथेचा कणा आहे बळकावलेल्या वतनाचा. आजोबाने अन्यायाने मिळवलेली गढी नातवाच्या हातून जाते, एवढीच तिची गोष्ट. तीस वर्षांनी ॲन रॅडक्लिफने ‘द मिस्टरीज ऑफ युडोल्फो’ लिहिली. तिच्यातही पोरक्या मुलीला किल्ल्यात कोंडले जाते ते मिळकतीसाठी. १८४७ च्या ‘जेन एअर’मध्ये माळ्यावर कोंडलेली पहिली बायको आहे आणि जो पुरुष नायिकेला आसरा देतो त्याच्याच घरात तिला सर्वांत मोठे भय आहे. भुते बाजूला काढली तर या सगळ्या कथांत उरतात तीन गोष्टी: एक जुने घर, त्या घराच्या मालकीचा न मिटलेला प्रश्न आणि त्या घरात जिचा शब्द चालत नाही अशी बाई. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मिळकत ठेवण्याचा पुरेसा हक्क इंग्लंडमध्ये १८८२ च्या कायद्याने मिळाला. त्याआधीचे शंभर वर्षांचे इंग्रज लेखन ते दुखणे भुताच्या तोंडून बोलत होते, असे म्हटले तर ते फार ओढूनताणून होणार नाही.

हे घर, हा प्रश्न आणि ही बाई कोकणच्या वाड्यांत नव्हती असे कोण म्हणेल? १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि सुभ्याच्या कारभारावर जगणाऱ्या कल्याणच्या घरांचा पाया हलला. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सनदा टेबलावर मांडून त्यांचा खरेखोटेपणा ठरवला जाऊ लागला. वाडे उभे राहिले, त्यांच्यामागचे उत्पन्न आटले. नेमक्या याच काळात मराठी कादंबरी जन्माला आली. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची, हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ ची. या तीन नावांतच पुढची वाटणी दिसते. पहिलीत विधवांची दुःखे सरळ सांगितली आहेत. दुसरीत ताटातुटी, संकटे आणि योगायोग आहेत. तिसरीत गड आणि शिवकाल आहे. हरिभाऊ आपट्यांच्या एकाच लेखणीत ही फूट सर्वांत स्वच्छ दिसते. गुप्त वाटा, वेषांतरे, अंधारातल्या भेटी हे सगळे त्यांनी ‘उषःकाल’सारख्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत घातले. आणि बाईला घरात जे खरोखर भोगावे लागते ते घातले ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये, जिथे एकही भूत नाही आणि तरीही यमूची ती हकीकत मराठीतल्या कोणत्याही भयकथेपेक्षा अंगावर येते. इंग्रजीत जे एका पुस्तकात राहिले ते इथे दोन कपाटांत गेले. तिसरा तुकडा कोणत्याच कपाटात गेला नाही. तो स्वयंपाकघरात, परसात आणि दिवेलागणीच्या गप्पांत राहिला. तो म्हणजे भूत.

पहिला तुकडा, ऐतिहासिक प्रेमरम्यतेचा. कल्याणचे नाव घेतले की मराठी माणसाला हमखास आठवते ती सुभेदाराची सून. १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली. त्यापूर्वी हा मुलूख विजापूरकरांचा होता. त्या मोहिमेत सुभेदाराची रूपवान सून हाती लागली, तिला महाराजांपुढे नेले, महाराजांनी तिला मातेसमान मानून सन्मानाने परत पाठवले, ही कथा शाळेच्या पुस्तकांपासून गीतांपर्यंत पोचली आहे. या प्रसंगाला समकालीन साधनांचा आधार मिळत नाही, तो पुढच्या परंपरेत वाढला, हे इतिहासाच्या अभ्यासकांनी सांगून झाले आहे. मला त्यापुढचा प्रश्न विचारायचा आहे. एवढ्या लाडक्या कथेत त्या सुनेला नाव का नाही? ती एक शब्द बोलत नाही. ती कोणत्या घरातून आली, परत गेल्यावर त्या घराने तिला कसे वागवले, तिचे पुढे काय झाले, हे विचारायची गरज कथा सांगणाऱ्यांना कधी वाटली नाही. कथेत घर आहे, पळापळ आहे, सौंदर्य आहे, राजा आहे, आणि जिच्याभोवती हे सगळे फिरते ती मात्र पालखीच्या पडद्याआडच राहते.

यावर कोणी म्हणेल, अशी शंका काढल्याने महाराजांच्या थोरवीला बाध येतो. येत नाही. परस्त्रीविषयी त्यांचे वर्तन सिद्ध करायला या कथेची मुळीच गरज नाही. रांझ्याच्या बाबाजी गुजर पाटलाने बदअमल केला म्हणून त्याचे हातपाय तोडल्याचे पत्र १६४६ च्या जानेवारीतले आहे, आणि खाफीखानासारख्या द्वेष्ट्या इतिहासकारानेही बायकांच्या अब्रूविषयी त्यांच्या सैन्यात असलेला दंडक नोंदवला आहे. हे पुरावे दगडासारखे पक्के आहेत. सुनेची कथा या पुराव्यांवर लोकांनी रचलेली कलाकृती आहे, आणि कलाकृती म्हणूनच तिच्याकडे पाहिले पाहिजे. तशी पाहिली की तिच्यात काय राहून गेले तेही दिसते.

याउलट याच परिसरातल्या पुरुषांच्या कथा पाहा. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून त्रिंबकजी डेंगळ्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले होते. पहाऱ्यावर गोरे शिपाई होते, कारण देशी शिपायांवर इंग्रजांचा भरवसा नव्हता. त्यांना मराठी येत नव्हते. एका इंग्रज अधिकाऱ्याकडे चाकरीला राहिलेला मराठा मोतद्दार घोड्याला खरारा करता करता खिडकीखाली गाणी म्हणे, आणि घोडी कुठे उभी आहेत, साथीदार कुठे दबा धरून आहेत हे त्या गाण्यांतून आत पोचे. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी निसटला. बिशप हेबरने ही हकीकत आपल्या प्रवासवर्णनात नोंदवली, त्या गाण्याचे इंग्रजी रूपही दिले, आणि पुन्हा पकडून चुनारच्या किल्ल्यात ठेवलेल्या त्रिंबकजीला त्याने १८२४ मध्ये पाहिले. तट, कैद, अंधारी रात्र, सांकेतिक गाणे. कादंबरीकाराने याहून काय मागावे? आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीला तारीख आहे. याच किल्ल्याच्या तुरुंगात राघोजी भांगऱ्याला २ मे १८४८ ला फाशी दिली. वासुदेव बळवंत फडक्यांना एडनला नेण्यापूर्वी इथेच ठेवले होते. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे १९ एप्रिल १९१० ला इथेच फासावर गेले. या भिंतींआड मृत्यू कमी झाले नाहीत, आणि या मृतांना मराठी समाजाने भूत केले नाही. त्यांची स्मारके केली, पोवाडे केले, जयंत्या-पुण्यतिथ्या पाळल्या. ज्याचा मृत्यू लोकांनी नाव घेऊन सांगितला त्याला भूत होऊन सांगावे लागले नाही.

कान्हेऱ्यांच्या नावापाशी आणखी एक धागा येतो, आणि तो या विषयाच्या गाभ्यापर्यंत, म्हणजे भुताच्या तुकड्यापर्यंत नेतो. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता आणि लोकसमजुती गोळा करण्याचा त्याला नाद होता. त्याने प्रश्नावली काढून ती गावोगावच्या शाळामास्तरांकडे पाठवली. गावात कोणती भुते मानतात, त्यांना काय देतात, कोण कशाने भूत होतो, असे प्रश्न त्यात होते. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात तो कान्हेऱ्यांच्या हातून मारला गेला. त्याने जमवलेले कागद पुढे एन्थोव्हेनने संपादून छापले, गुजरातचा भाग १९१४ मध्ये आणि कोकणचा १९१५ मध्ये. कोकणच्या भागात ठाणे, कुलाबा, रत्नागिरी या जिल्ह्यांतल्या मास्तरांची उत्तरे आहेत. साम्राज्याच्या अधिकाऱ्याने जमवलेली माहिती म्हणून ती सावधपणेच वाचली पाहिजे, हे खरे. पण उत्तरे लिहिणारे आपल्याच गावचे मास्तर होते आणि ते आपल्याच आजीकडून ऐकलेले सांगत होते. आणि त्या रात्री नाशिकच्या रंगमंचावर जे नाटक चालू होते ते देवलांचे ‘शारदा’ होते, म्हाताऱ्याला विकल्या जाणाऱ्या मुलीचे. भुतांची यादी जमवणारा प्रेक्षकांत होता आणि त्या यादीतल्या कितीएक बायका ज्या लग्नव्यवस्थेने घडवल्या तिचेच चित्र समोर उभे होते. हा केवळ योगायोग आहे, आणि मी त्याला योगायोगाहून अधिक मान देत नाही.

ही यादी नीट वाचली तर ती मृत्यूची नोंदवही निघते. मुंजा कोण? मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा. समंध कोण? निपुत्रिक गेलेला, किंवा पुरलेल्या धनावर जीव अडकलेला माणूस. जखीण म्हणजे सवाष्ण मेलेली बाई. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात मेलेली. कोणीही मनाला येईल तसे भूत होत नाही. वंशाच्या आणि मिळकतीच्या हिशेबात ज्याचा रकाना रिकामा राहिला तोच भूत होतो. आता आक्षेप येईल की मग पुरुषही भूत होतातच, बाईचेच एवढे का? आक्षेप बरोबर आहे. पण फरक पाहा. पुरुषाला भूत व्हायला काहीतरी राहून जावे लागते, म्हणजे मूल, लग्न किंवा गाडगे भरून पुरलेले धन. बाईला तिला नेमून दिलेले कर्तव्य करताना मरण आले तरी भूत व्हावे लागते. सगळ्यांनी मागितलेले मूल जन्माला घालताना ती मेली, आणि तिचीच घरादाराला भीती. दुसरा फरक नावाचा. मराठी मुलखातला सर्वांत प्रसिद्ध झपाटलेला वाडा शनिवारवाडा. तिथे हाक मारतो असे सांगतात तो नारायणराव, वय अठरा, मृत्यू ३० ऑगस्ट १७७३. त्याचे मारेकरी, चुलता, चुलती, सगळ्यांची नावे लोकांना पाठ आहेत, आणि दोष मात्र ‘ध’चा ‘मा’ या एका अक्षराच्या दंतकथेने चुलतीच्या माथी मारलेला आहे. कोकणच्या घरातल्या अळवंतिणीला नाव विचारा. कोणाची सून, कोणत्या साली मेली, वय काय होते, कोणी सांगत नाही. ‘त्या खोलीतली’ एवढाच तिचा पत्ता.

ती खोली कशी होती हे समजून घेतल्याशिवाय भुताचे मूळ कळणार नाही. वाड्याच्या माजघराआड किंवा पाठीमागे, उजेड कमी आणि वारा बंद, अशी बाळंतिणीची खोली असे. खिडकी असली तर वारा लागेल म्हणून चिंधीने बुजवलेली. आत शेगडी, ओव्याची आणि बाळंतशोपाची धुरी, जवळ सुईण. सोयराच्या दहा दिवसांत घरचे कोणी तिला शिवत नसे, तिचे अंथरूण-पांघरूण म्हणजे घरातले जुने टाकाऊ कापड. उशाशी विळा किंवा चाकू, दारात राख, रात्रभर दिवा. सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणून जागरण. आता यावर वैद्यकाची बाजू ठेवा. नाळ अस्वच्छ हत्याराने कापली की बाळाला पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत धनुर्वात होतो, मूल दूध ओढत नाही, आखडते आणि जाते. आईच्या अंगात जंतू शिरले की दोन-चार दिवसांत ताप चढतो, वात होतो, ती बरळते, ओळख विसरते, ओरडते. घरच्यांना हे दिसे ते झपाटणे म्हणून. व्हिएन्नात सेमेलवाइसने १८४७ मध्येच दाखवले होते की डॉक्टरांनी हात निर्जंतुक केले की प्रसूतिगृहातले हे मरण झपाट्याने कमी होते. तिथल्या मोठ्या वैद्यांनीही त्याचे ऐकले नाही, तेव्हा कल्याणच्या सुईणीला दोष देण्यात अर्थ नाही. कोणी असेही म्हणेल की भुताच्या धाकाने तरी बाळंतिणीला एकटे ठेवत नसत, दिवा आणि जागरण म्हणजे एक प्रकारची देखरेखच होती. यात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. बाळंतिणीजवळ रात्रभर माणूस असणे ही चांगलीच रीत होती. पण तो दिवा बाहेरून येणाऱ्या शत्रूसाठी तेवत होता. मरण आतल्या चिंधीत आणि नखांत होते, आणि भुताच्या गोष्टीने नजर तिकडे जाऊ दिली नाही.

उरलेला तुकडा, बाईच्या खऱ्या भोगाचा, कल्याणच्याच एका घरातला आहे, आणि माझ्या मते या प्रदेशाची खरी गॉथिक कथा तीच. कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना नावाची मुलगी होती, जन्म ३१ मार्च १८६५. घराणे जुने, जमीनजुमल्याचे, पण वैभव ओसरलेले. म्हणजे वॉलपोलला हवे होते तसेच घर. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले, तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठ्या बिजवराशी. गोपाळराव जोशी टपाल खात्यात होते, आणि मुलीला शिकवू देण्याच्या अटीवर त्यांनी हे लग्न केले. यमुनेची आनंदी झाली. पुढच्या काही वर्षांत अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशा बदल्या झाल्या. मधे, तेराव्या-चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. नवऱ्याने अभ्यासासाठी केलेली मारहाण, लहान वयात बसलेला लाकडाचा मार, अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या, हे सगळे तिने पुढे अमेरिकेतून त्यालाच लिहिलेल्या पत्रात शांतपणे आठवून दिले आहे. त्याच पत्रव्यवहारात त्याच्याविषयीची कृतज्ञताही आहे. ज्याने दार उघडले त्याच्याच हाताची भीती, हा ‘जेन एअर’चा पेच इथे कल्पनेशिवाय उभा आहे. ७ एप्रिल १८८३ ला ती कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय निघाली, फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात शिकली आणि ११ मार्च १८८६ ला तिला पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात नेमणूक झाली, पण क्षयाने पोखरलेली ती २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारली. वय बावीसही पुरे नव्हते. तिच्या अस्थी अमेरिकेत, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, पोकीप्सीला आहेत.

तिच्या प्रबंधाचा विषय या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. तो होता आर्य हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र. ज्या समाजात बाळंतपणात मेलेल्या बाईला अळवंतीण म्हणत, त्या समाजातल्या, स्वतःचे दहा दिवसांचे मूल गमावलेल्या मुलीने वयाच्या एकविसाव्या वर्षी त्याच खोलीविषयी शास्त्राच्या भाषेत लिहिले. बंद खोलीत काय घडते हे त्या खोलीतून बाहेर आलेल्या बाईनेच सांगितले. भूत ज्या कामासाठी होते ते काम तिने हाती घेतले. यावर रास्त आक्षेप असा की आनंदीबाई काही बंडखोर नव्हत्या. सेरामपूरच्या भाषणात त्यांनी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन अशी ग्वाही दिली, प्रबंधात जुन्या संस्कृत ग्रंथांचा आदराने आधार घेतला, लुगडे आणि आहाराचे नियम सोडले नाहीत. मग त्यांना वाड्याविरुद्ध उभे करणे योग्य आहे का? मी त्यांना वाड्याविरुद्ध उभे करत नाही. गॉथिक कथेची नायिकाही घर जाळायला निघालेली नसते. तिला त्या घरात काय लपवले आहे ते जाणून घ्यायचे असते. आनंदीबाईंनी धर्म न सोडता नेमके तेच केले, आणि मला तर त्यात त्यांचे धैर्य अधिक दिसते. त्यांच्या मागोमाग रखमाबाई आल्या. त्यांनी कोर्टात नांदायला जायचे नाकारले आणि डॉक्टर होऊन बायकांच्या दवाखान्यांत आयुष्य घातले. मुंबईचे कामा हॉस्पिटल १८८६ मध्येच उघडले होते. अळवंतिणी कमी होऊ लागल्या त्या मांत्रिकामुळे नव्हे, या बायकांमुळे.

आनंदीबाईंचे पहिले मराठी चरित्र काशीबाई कानिटकरांनी लिहिले, म्हणजे एका बाईची कथा दुसऱ्या बाईने सांगितली. लोकांच्या मनात मात्र ती रुजली श्री. ज. जोशींच्या १९६८ च्या ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीने, पुढे नाटकाने आणि २०१९ च्या चित्रपटाने. ही कादंबरी समर्थ आहे यात शंका नाही. तरीही नावापासूनच ती जोडप्याची कथा आहे, आणि प्रत्येक नव्या रूपात गोपाळरावांचा विक्षिप्तपणा अधिकाधिक प्रेमळ होत गेला आहे. भीती वजा केली की ऐतिहासिक प्रेमकथा उरते. ती गोड असते, पण अर्धी असते. आनंदीबाईंच्या पत्रांतली बाई एकाच वेळी ऋणी आहे आणि घायाळ आहे. हे दोन्ही एकत्र धरून ठेवणारा साहित्यप्रकार आपल्याकडे घडला असता तर तिच्या वाट्याला अधिक न्याय आला असता, असे मला ठामपणे वाटते.

मग तो घडला का नाही? युरोपात गॉथिक कथा लिहिली गेली तेव्हा ते किल्ले बहुतेक परके किंवा ओस पडलेले होते. इंग्रज लेखिका इटलीतल्या गढीविषयी लिहीत होती, आणि त्या गढीचा वारस येऊन तिला जाब विचारणार नव्हता. कल्याणचा वाडा राहता होता. त्यात सासू होती, भाऊबंद होते, लग्नाच्या मुली होत्या. त्या घरात सून कशी मेली हे नावानिशी लिहिणे म्हणजे चालत्या घराची अब्रू चव्हाट्यावर आणणे. म्हणून कादंबरीकाराने काळ काही शतके मागे नेला, सुधारकाने नावे बदलली आणि घरच्या बायकांनी तिला भूत म्हटले. भुताच्या गोष्टीत ‘इथे कोणीतरी वाईट रीतीने मेले’ एवढे सांगता येते आणि ‘कोणामुळे’ हे सांगावे लागत नाही. म्हणून या भुतांच्या कथा मी केवळ अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकू शकत नाही. भूत नाही हे मान्य, पण त्या खोलीत ती मेली होती हे खोटे नाही.

मराठी भयकथेचे पुढचे वळणही याला धरून आहे. नारायण धारपांनी आणि रत्नाकर मतकरींनी ती गावच्या वाड्यातून काढून शहरी, शिकलेल्या माणसाच्या घरात आणली, आणि हे त्यांचे मोठे काम. धारपांच्या कथेवरून ज्याला प्रेरणा मिळाली त्या ‘तुंबाड’ चित्रपटात कोकणचा वाडा परत आला, पण तिथले भय धनलोभाचे, म्हणजे समंधाच्या घराण्यातले आहे. अळवंतिणीच्या बाजूने लिहिलेली मोठी कादंबरी अजून यायची आहे. डोंबिवलीसारखे गाव तर रेल्वेने, चाळींनी आणि मग सोसायट्यांनी वाढवलेले. तिथे वाडे थोडे आणि माणसे बाहेरून आलेली. ही माणसे कोकणातल्या, देशावरच्या घरांतून येताना आपापल्या वाड्यांच्या गोष्टी घेऊन आली, घरे मागे राहिली. त्यामुळे डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये सांगितली जाणारी वाड्यातल्या बाईची गोष्ट ज्या घरातली असते ते घर बहुधा आज उभेच नसते.

आणि आता कल्याण-ठाण्यातलेही उरलेसुरले वाडे पाडून तिथे मजले चढत आहेत. पुनर्विकासाला माझा विरोध नाही. गळक्या कौलांखाली राहणाऱ्यांना चांगले घर मिळालेच पाहिजे. पण वाडा उतरवण्याआधी माळ्यावरच्या पेट्या उघडून पाहा. जमाखर्चाच्या वह्यांत सुईणीला दिलेले लुगडे, वैद्याची बिदागी, तेराव्याचा खर्च हे तारखेसकट मिळते. कुलवृत्तांतात पुरुषांच्या ओळी भरलेल्या असतात आणि बायकोच्या जागी ‘प्रथम कुटुंब’, ‘द्वितीय कुटुंब’ एवढेच असते, तिथे या वह्यांवरून नाव घालता येईल. घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला विचारा की त्या खोलीतली ती कोण होती, माहेर कुठले, वय काय, मूल जगले का. ती सांगेल ते लिहून काढा, तिच्याच शब्दांत, आणि त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. हे काम या पिढीने केले नाही तर पुढच्या पिढीला सांगायला कोणी उरणार नाही.